न घेतलेल्या गाडीची जागा

ज्याच्याकडे गाडी नाही त्याला घर स्वस्त पडायला हवं की नको? प्रश्न साधा आहे, पण फ्लॅट बुक करताना कुणी विचारून बघा. पार्किंग फ्लॅटबरोबर येतंच आणि त्याचे पैसे किमतीत कुठेतरी मुरलेले असतातच. जर्मनीतल्या एका शहराने हे पैसे वेगळे काढून दाखवले. गोष्ट जरा लांबून सुरू होते, तेव्हा चहा घेऊन बसा.

१९३९ च्या फेब्रुवारीत, म्हणजे महायुद्ध सुरू व्हायच्या सहा-सात महिने आधी, नाझी सरकारने 'राइशगाराजेनओर्डनुंग' नावाचा नियम काढला. (हा शब्द एका दमात म्हणणाऱ्याला व्हिसा ताबडतोब मिळायला हवा.) नवी इमारत बांधायची तर तिथल्या लोकांच्या गाड्यांची सोय बांधणाऱ्यानेच करायची. हेतू लपवलेला नव्हता: देशात मोटारी वाढायला हव्या होत्या. पुढे फोक्सवागन म्हणून गाजलेल्या गाडीच्या कारखान्याचा पाया आदल्याच वर्षी घातला होता. पुढे युद्ध संपलं, ते सरकारही गेलं, पण नियमाचा गाभा राज्याराज्यांच्या बांधकाम कायद्यांत जाऊन बसला. लेगसी कोडचं असंच असतं. ज्याने लिहिला तो केव्हाच गेलेला असतो, पण काढायची हिंमत कुणाची होत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातही दर नव्या घरामागे एक पार्किंग हवंच होतं. मग त्या घरात गाडी कधी चालवलीच नाही अशी आजी राहत असली तरी!

त्याच राज्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ फ्रायबुर्ग आहे. इथली माणसं जरा वेगळीच. १९७५ साली इथून तीसेक किलोमीटरवर वील गावात अणुवीज प्रकल्प होणार होता, तेव्हा शेतकरी आणि विद्यार्थ्यांनी मिळून जागेवर ठाण मांडलं आणि शेवटी तो प्रकल्प झालाच नाही. बाकीची शहरं ट्रामचे रूळ उखडत होती तेव्हा यांनी ट्राम ठेवली. १९८४ मध्ये महिन्याचा स्वस्त पास काढला, तोही घरातल्या कुणीही वापरावा असा.

१९९२ मध्ये फ्रेंच सैन्य शहराच्या दक्षिणेची आपली छावणी सोडून गेलं. बराकी मुळात नाझी काळातल्या. फ्रेंचांनी छावणीला वोबाँचं नाव दिलं होतं. हा वोबाँ म्हणजे चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनियर. १६७७ नंतर फ्रायबुर्गची तटबंदी त्यानेच उभारली होती. सैन्य गेल्यावर काही तरुण मंडळी रिकाम्या बराकींत घुसून राहू लागली. काही इमारती त्यांना आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला मिळाल्या, आणि उरलेली जमीन नगरपालिकेने केंद्र सरकारकडून विकत घेतली. तिथे नवी वस्ती करायची होती. नागरिकांनी 'फोरम वोबाँ' ही संस्था काढली आणि १९९५ पासून आराखड्यात लोकसहभागाचं काम पालिकेने अधिकृतपणे तिच्याकडे दिलं.

फोरमच्या लोकांना गाड्यांशिवायची वस्ती हवी होती. पण कायद्याचं काय? एका घरामागे एक पार्किंग! इथे त्यांनी जी शक्कल लढवली ती मला फार आवडते. आपल्या धंद्यातल्यांना लगेच कळेल: मेमरी रिझर्व्ह करायची, पण प्रत्यक्षात अलोकेट करायची नाही. कारशिवाय राहणाऱ्यांची एक संघटना काढली आणि तिने वस्तीच्या कडेला जमिनीचा तुकडा घेतला. कायद्याला सांगितलं, पार्किंगची जागा ही बघा, राखून ठेवलीय. उद्या गरज पडलीच तर इथे गॅरेज बांधू. तोवर गवत.

मग घर घेणाऱ्यापुढे दोन रस्ते. गाडी असेल तर कडेच्या बहुमजली गॅरेजात जागा विकत घ्यायची, साधारण १८ ते २० हजार युरोंना. नसेल तर संघटनेशी करार करायचा, राखीव जमिनीतल्या वाट्याचे साडेतीन-पावणेचार हजार युरो एकदाच भरायचे, आणि गाडी नसल्याचं दरवर्षी लिहून द्यायचं. नंतर गाडी घेतलीत? घ्या की, कुणी अडवत नाही. फक्त मग गॅरेजातली जागाही घ्या. वर सुरुवातीच्या काळात कार-शेअरिंगचं सभासद होणाऱ्याला वर्षभराचा शहराचा पास फुकट आणि रेल्वे तिकिटात वर्षभर निम्मी सवलत.

यात पालिकेने खिशातून फारसं काही वाटलेलं नाही. जो खर्च सगळ्यांच्या माथी गुपचूप मारला जायचा, तो फक्त करणाऱ्याच्या बिलात दिसू लागला. आपल्याकडे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका खटल्यात बरोबर उलटं सांगितलं: स्टिल्टमधली जागा बिल्डरला फ्लॅटसारखी वेगळी विकता येणार नाही, ती सोसायटीची सामाईक. ग्राहकाच्या दृष्टीने निकाल योग्यच होता, पण गाडी नसलेल्याचा हिशेब त्यातही लागत नाही.

स्टुटगार्टला प्रोजेक्टवर असताना एका शनिवारी मी वोबाँ बघून आलो. आतल्या बहुतेक गल्ल्यांत पार्किंगच नाही. सामान उतरवायला गाडी आणता येते, पण चालण्याच्या वेगाने. रस्त्याच्या मधोमध खडूची चित्रं, मागे ट्रेलर लावलेल्या सायकली, आणि त्या ट्रेलरमध्ये एक मूल आणि एक कलिंगड. गॅरेजच्या छपरावर सौर पॅनेल. ट्राम चालत गाठता येईल इतकी जवळ.

ही ट्राम मात्र २००६ मध्ये आली. पहिली कुटुंबं १९९० च्या दशकाच्या शेवटीच राहायला आली होती, म्हणजे कित्येक वर्षं त्यांनी बसवर काढली. आपण काढली असती का, मला शंका आहे.

२००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली की इथल्या ७० टक्के कुटुंबांकडे गाडी नाही आणि ५७ टक्क्यांनी इथे येताना गाडी विकली. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. "तिथे मुळातच सायकलवाले जमले" हा नेहमीचा आक्षेप त्याने निदान अर्धा तरी गळून पडतो. दर हजार माणसांमागे इथे दोनशेच्याही आत गाड्या आहेत. सगळ्या जर्मनीत पाचशेच्या वर.

पळवाटाही आहेत. गाडी आजीच्या नावावर ठेवायची आणि शेजारच्या भागातल्या गल्लीत उभी करायची, असे महाभाग तिथेही निघाले. गॅरेजचे पैसे मोजणाऱ्या शेजाऱ्यांना ते साहजिकच खटकतं. आणि शपथपत्र तपासायचं कुणी? तर संघटनेने. म्हणजे ज्यांच्याबरोबर संध्याकाळी बिअर प्यायची, त्यांच्याच गाडीची चौकशी करायची.