जोन्सटाउनचे ‘वेडे’

गयाना म्हटलं की आपल्याला क्लाइव्ह लॉइड आठवतो. त्याच देशाच्या जंगलात, जोन्सटाउन नावाच्या वसाहतीत, १८ नोव्हेंबर १९७८ रोजी नऊशेहून अधिक माणसं मेली, बहुतेक सायनाइडने. त्यांत तीनशेच्या आसपास मुलं होती. जगाने एका वाक्यात निकाल दिला: वेडे होते, बुवाच्या नादी लागून मेले.

मला या निकालाबद्दलच बोलायचं आहे. जिम जोन्सच्या ‘पीपल्स टेम्पल’ या पंथाबरोबर अमेरिकेतून गयानाला गेलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. वर्णभेद नसलेलं गाव, म्हाताऱ्यांची देखभाल, मुलांना शिक्षण, एवढंच त्यांना हवं होतं. तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले गेले, पत्रं तपासली जाऊ लागली. परत जायचं म्हणणारा गद्दार ठरे. काहींना तर रोगी ठरवून गुंगीच्या औषधांवर ठेवलं जाई. म्हणजे शंका येणं हाच आजार! अशा ठिकाणी ज्याचं मन खरोखर खचलं, त्याने ते कोणाजवळ बोलायचं?

मे १९७८मध्ये तिथून निसटलेल्या डेबोरा लेटन यांनी जूनमध्ये प्रतिज्ञापत्र केलं. सामूहिक मृत्यूच्या तालमी चालतात, असं त्यांनी त्यात सांगितलं होतं. खासदार लिओ रायन चौकशीला पोहोचले ते नोव्हेंबरात, आणि परतताना धावपट्टीवर पंथाच्या लोकांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही तासांतच वसाहत संपली. विष आधी मुलांना पाजलं गेलं. भोवती बंदुकधारी पहारेकरी होते.

मेल्यावरही शिक्का पुसला नाही. अनेक दफनभूमींनी प्रेतं नाकारली. ओळख न पटलेले किंवा कोणी न नेलेले चारशेहून अधिक मृतदेह १९७९मध्ये ऑकलंडच्या एव्हरग्रीन दफनभूमीत एकत्र पुरले गेले. सर्वांची नावं कोरलेले दगड तिथे बसायला २०११ साल उजाडलं. इंग्रजीत तर त्या विषारी सरबताचा वाक्प्रचारच झाला. डोळे झाकून मान डोलावणाऱ्याला उद्देशून तो आजही हसत वापरतात.

पंथाच्या आत शंका घेणारा रोगी ठरला, बाहेर जिवंत परतलेला वेडा ठरला. शब्द जवळजवळ एकच, कामही एकच: तोंड बंद करण्याचं. म्हणून अशा एखाद्या पंथातून कोणी परत आलं, तर “तू फसलासच कसा?” हा पहिला प्रश्न नसावा. “झोप लागते का रे?” एवढं विचारलं, तरी तो बोलू लागेल.