जुन्या गिटारचे मोल



आज गिटारविषयी लिहिणार आहे. आमच्या घरात कधी गिटार आली नाही, पेटीपुढे आमची मजल गेली नाही. पण विषय गिटार वाजवण्याचा नाहीच. जुन्या वस्तूला किंमत कशी येते, हा विषय आहे. म्हणजे शेवटी आमचा इतिहासाचाच तास!

शाळेत इतिहासाच्या साधनांचे तीन प्रकार शिकवावे लागत : लिखित, भौतिक आणि मौखिक. मुले ते पाठ करत, पेपरात लिहीत आणि विसरून जात. या साधनांचे मोल रोख पैशांत पाहायचे असेल, तर प्रसिद्ध रॉक संगीतकारांच्या गिटारींकडे पाहावे.

पहिली गिटार बीटल्सच्या जॉन लेननची. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलच्या एका वाद्यांच्या दुकानातून जॉन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी गिब्सन कंपनीच्या सारख्याच दोन गिटारी घेतल्या, त्याही हप्त्यांनी. वर्षभरातच हे चौघे ब्रिटनभर प्रसिद्ध झाले. १९६३ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क भागात त्यांचे नाताळचे कार्यक्रम झाले. त्या गडबडीत जॉनची गिटार गेली ती गेलीच.

साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात एका माणसाने १७५ डॉलरला एक जुनी गिटार विकत घेतली. ती कोणाची हे त्याला ठाऊक नव्हते. तो आपला घरी वाजवत बसे. पुढे कित्येक वर्षांनी जॉर्जच्या गिटारवरचा एक लेख त्याच्या वाचनात आला आणि मनात पाल चुकचुकली. मग जाणकारांनी तपास केला. गिटारवरचा क्रमांक पाहिला, जुने फोटो काढून लाकडाच्या रेषा आणि ओरखडे ताडून पाहिले. लाकडाच्या रेषा म्हणजे माणसाच्या बोटांचे ठसेच, दोन फळ्यांच्या सारख्या नसतात. ती लेननचीच निघाली! २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये लिलावात तिला २४ लाख १० हजार डॉलर मिळाले. लाकूड तेच, तारांचा नादही तोच. वाढला तो फक्त पुरावा. १७५ आणि २४ लाख यांच्यातले अंतर हे पुराव्याचे अंतर आहे.

दुसरी गोष्ट पॉल मॅकार्टनीच्या बास गिटारची. १९६१ साली जर्मनीत हॅम्बुर्गला असताना त्याने सुमारे ३० पौंडांना हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली. पॉल डावखुरा. या वाद्याच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे. बीटल्सच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत हीच बास आहे. १९७२ साली लंडनमध्ये रात्री एका गाडीतून ती चोरीला गेली.

२०२३ साली काही मंडळींनी लोकांना जाहीर आवाहन केले : कोणाला काही आठवत असेल तर कळवा. पन्नास वर्षांपूर्वीची चोरी! पण पत्रे आली. बापाने सांगितलेले, शेजाऱ्याने ऐकलेले असे धागे जुळत गेले. शेवटी ती बास इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावात एका घराच्या माळ्यावर सापडली. २०२४ च्या फेब्रुवारीत ती पॉलकडे परत आल्याचे जाहीर झाले. येथे कामी आले ते मौखिक साधन. आणखी दहा वर्षे गेली असती, तर सांगणारी माणसेच उरली नसती.

आता अस्सल कशाला म्हणायचे, हा प्रश्न. एरिक क्लॅप्टनने १९७० साली अमेरिकेतल्या नॅशव्हिलला जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारी दोन-तीनशे डॉलरला एक अशा भावाने घेतल्या. तीन मित्रांना वाटल्या. उरलेल्या तीन खोलून त्यांच्या उत्तम भागांतून एक काळी गिटार जोडली, तीच त्याची 'ब्लॅकी'. पुढे पंधराएक वर्षे त्याने तीच वाजवली. म्हणजे तशी ही जोडगिटारच! तरी २००४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तिला ९ लाख ५९ हजार ५०० डॉलर आले. ते पैसे त्याने अँटिग्वा बेटावर काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला गेले. क्लॅप्टन स्वतः दारू आणि मादक पदार्थांच्या विळख्यातून बाहेर आलेला माणूस, म्हणून हे दान मला विशेष वाटते.

पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मूरनेही आपल्या काळ्या गिटारचे भाग किती वेळा बदलले! १९७० साली न्यूयॉर्कच्या दुकानातून घेतलेली ही गिटार २०१९ साली ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. त्याने शंभराहून अधिक गिटारी विकून आलेली रक्कम पर्यावरणासाठी लढणाऱ्या संस्थेला दिली. पुढच्याच वर्षी कर्ट कोबेनच्या गिटारला ६० लाख डॉलरहून अधिक मिळाले आणि तो त्या वेळेपर्यंतचा विक्रम ठरला. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये टीव्हीच्या एका गाजलेल्या कार्यक्रमात त्याने ती वाजवली होती. पाच महिन्यांतच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवले. त्या किमतीत केवळ कौतुक नाही, हळहळही आहे.

हे आकडे वाचून एक गोष्ट मनाला टोचते. वाद्य काचेच्या कपाटात गेले की त्याची वस्तू होते. म्हणून मला सगळ्यांत आवडली ती पॉलची बास. तिचा लिलाव झाला नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये बयाऐंशी वर्षांच्या पॉलने लंडनच्या रंगमंचावर ती पुन्हा वाजवली. चोरीला गेल्यापासून बावन्न वर्षांनी!

असो. आपल्या घरी काही लाखांची गिटार नसेल. पण आजीची पेटी असेल, वडिलांचे घड्याळ असेल, आत्याची तांब्याची कळशी असेल. ती कोणी, कधी, कोठून आणली हे सांगणारे माणूस अजून आहे ना? मग आजच विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती वस्तूबरोबर ठेवा. हा सुट्टीतला गृहपाठ समजा. मी तपासणार आहे!