रोखा, सावकार आणि कायदा

गोदावरीच्या तीरावरील पुणतांबें हें गांव चांगदेवांच्या समाधीमुळें महाराष्ट्रास पूर्वींपासून ठाऊक आहे. 2017 सालीं मात्र त्याचें नांव निराळ्याच कारणानें घरोघर पोंचलें. कर्जमाफी व शेतमालास रास्त भाव या मागण्यांसाठीं तेथील ग्रामसभेनें एप्रिलमध्यें संपाचा ठराव केला, आणि 1 जूनपासून शहरांकडे जाणारें दूध व भाजीपाला ठिकठिकाणीं अडविण्यांत आला. त्या दिवसांत दोष देण्यास कोणीच कमी पडलें नाहीं. रस्त्यावर दूध ओतणारा शेतकरी दोषी, असें शहरवासी म्हणत. सरकार दोषी, असें शेतकरी म्हणत. आणि मुख्यमंत्र्यांशीं रात्रीं बोलणीं करून 3 जूनच्या पहाटे संप मागें घेतल्याचें जाहीर करणारे प्रतिनिधि दोषी, असें त्यांचेच सोबती म्हणूं लागले. पुढें 24 जून रोजीं सरकारनें 34,000 कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. परंतु दोष माणसाचा कीं ज्या व्यवस्थेंत तो वागतो तिचा, हा प्रश्न तसाच राहिला. हाच प्रश्न त्याच्या 142 वर्षें आधीं पुणें व नगर जिल्ह्यांत उपस्थित झाला होता. त्या वेळीं त्याचें जें उत्तर देण्यांत आलें, तें आज पुन्हां तपासून पाहण्याजोगें आहे.

12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारपेठेच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. थोड्याच दिवसांत हें लोण नगर जिल्ह्यांतहि पोंचलें. तिसांहून अधिक गांवें त्यांत सांपडलीं, आणि 951 माणसांस अटक झाली. या दंग्याचा एक विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. जमावाची मुख्य मागणी वह्या व कर्जरोखे यांची असे. ते हातीं आले कीं जाळून टाकीत, आणि ज्यानें ते मुकाट्यानें दिले त्याच्या जिवास सहसा धक्का लागत नसे.

या कागदास एवढें सामर्थ्य आलें कोठून? आमच्याकडे दामदुपटाचा जुना दंडक होता. व्याज मुदलाहून अधिक होऊं नये, असा त्याचा अर्थ. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानें कर्जरोख्याची मुदत 3 वर्षें ठरविली. व्याज साचूं नये, हा त्यांतील हेतु. परिणाम मात्र उलटा झाला. दर तीन वर्षांनीं जुनें व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याचा प्रघात पडला. 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 हून अधिक व्याज आकारल्याचें एक उदाहरण पुढें चौकशींत उघडकीस आलें. त्यांतच अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे 1861 पासून 1865 पर्यंत, कापसाच्या तेजीमुळें सैल सुटलेली पत युद्ध संपतांच आखडली. आणि त्याच सुमारास फेरपाहणी होऊन शेतसारा कोठें 50, तर कोठें 100 टक्क्यांपर्यंत वाढला. सारा रोखीनें भरावयाचा; रोकड सावकाराच्या घरीं. येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. जो सावकार रोखा वेळेवर बदलून घेणार नाहीं, त्याचा पैसा कायद्यानेंच बुडावयाचा. तेव्हां भल्या सावकारासहि तोच मार्ग धरणें भाग होतें.

सरकारनें कमिशन नेमलें. शेतसाऱ्याचा भार हें दंग्याचें कारण आहे काय, याचा निर्णय करण्याचें काम त्याच्याकडे मुद्दाम सोंपविण्यांत आलें होतें. उत्तर आलें तें असें कीं, साऱ्याकडे दोष नाहीं. दोष सावकाराकडे आहे. नैतिक दोषारोपाचा सत्ताधाऱ्यास असा उपयोग होतो. एक खलपुरुष सांपडला म्हणजे व्यवस्थेचा हिशेब कोणी मागत नाहीं. शेक्सपिअरच्या नाटकांत शायलॉक हरतो, प्रेक्षक संतुष्ट होतात. परंतु तसला रोखा ग्राह्य मानणारा व्हेनिसचा कायदा होता तसाच राहतो.

तथापि, सारा दोष व्यवस्थेचा म्हणून सावकारास मोकळें सोडणें हेंहि आम्हांस मान्य नाहीं. न दिलेल्या रकमेवर निरक्षर कुळाची निशाणी घेणें, किंवा फेडीची पावती न देणें, हें कोणत्याहि कायद्यानें त्याच्यावर लादलेलें नव्हतें. रोखा बदलून घेणें हा कायद्याचा दोष. खोटा रोखा लिहिणें हा माणसाचा. ही विभागणी न करतां दिलेला निकाल, मग तो कोणाच्याहि बाजूचा असो, अर्धाच होय.

1879 च्या दख्खन शेतकरी संरक्षक कायद्यानें यांपैकीं पहिल्या दोषास हात घातला. पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांत न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन मूळ हिशेब पाहण्याचा अधिकार मिळाला. कर्जापायीं शेतकऱ्यास होणारी कैदहि बंद झाली. परंतु पेरणीस व साऱ्यास पैसा हवाच होता, आणि तो देणारा दुसरा कोणी नव्हता. म्हणून सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून मागूं लागला. सहकारी पतपेढ्यांचा कायदा 1904 सालीं आला. पुणतांब्याच्याच राहाता तालुक्यांत लोणी येथें शेतकऱ्यांनीं सहकारी साखर कारखाना उभारला, तो 1950 सालीं सुरू झाला. ज्या तालुक्यानें महाराष्ट्रास सहकाराचा हा मार्ग दाखविला, त्याच तालुक्यांतून 2017 चा संप निघाला. सावकाराची जागा बँकेनें घेतली, तरी आपल्या मालाचा भाव ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या हातीं आला नाहीं.

यावरून आमचें मत असें कीं, दोष सत्तेच्या प्रमाणांत मोजावा. नियम करणें व बदलणें ज्याच्या हातीं, त्याचा दोष सर्वांत मोठा. नियमाआड लबाडी करणाराचा त्याखालोखाल. आणि नियमाच्या कचाट्यांत सांपडून वागणाराचा सर्वांत लहान. शहरांत स्वस्त दूध व कांदा मिळतो म्हणून समाधान मानणारे आपण सर्व गुन्हेगार नाहीं. परंतु त्या नियमाचे लाभार्थी आहों, आणि लाभार्थ्यावर निदान नियम समजून घेण्याचें तरी कर्तव्य येतें. सुप्याच्या बहुतेक शेतकऱ्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें; तरी आपलें भांडण माणसाहून कागदाशीं अधिक आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. ज्यांस वाचतां येतें, त्यांनीं तो कागद वाचून पाहावा.