ड्रमपासून डिस्कपर्यंत : ब्रेकचा पंचावन्न वर्षांचा प्रवास

जुन्या मोटारी जतन करणारी हौशी मंडळी जगभर आहेत. त्यांच्या गॅरेजमध्ये एक काम नेहमी निघते. १९५० च्या आसपास बनलेल्या मोटारीचे ड्रम ब्रेक उतरवायचे आणि तेथे डिस्क ब्रेक बसवायचे. कारण उघड आहे. आजच्या रहदारीत पुढची गाडी डिस्क ब्रेकवर झटकन थांबते आणि मागून येणारी जुनी मोटार तितक्या लवकर थांबू शकत नाही. काम वरवर सोपे दिसते. एक भाग काढायचा, दुसरा लावायचा. प्रत्यक्षात मात्र डिस्कपाठोपाठ इतरही अनेक भाग बदलावे लागतात. असे का होते, याचे उत्तर ब्रेकच्या इतिहासात आहे आणि त्या इतिहासामागे शाळेतलेच पदार्थविज्ञान आहे.

एकाच वर्षी दोन कल्पना

फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी १९०२ साली मोटारीसाठी ड्रम ब्रेक तयार केला. चाकाबरोबर फिरणारे डब्यासारखे धातूचे भांडे म्हणजे ड्रम. त्याच्या आत दोन अर्धगोलाकार शू असतात. ब्रेक दाबला की ते बाहेरच्या दिशेने फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरायची, ही त्यांची कल्पना.

म्हणजे दोन्ही ब्रेक एकाच वयाचे. तरी पुढची पन्नास वर्षे रस्त्यावर ड्रमचेच राज्य होते. लँचेस्टर यांची कल्पना चुकीची नव्हती, पण तिला लागणारी सामग्री त्या काळी नव्हती. चकतीवर घासण्यासाठी त्यांना तांबे वापरावे लागले. धातूवर धातू घासून कर्कश आवाज होई आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे लवकर झिजे. ड्रमच्या आतले शू मात्र धूळ-चिखलापासून बऱ्यापैकी सुरक्षित होते. शिवाय ड्रमकडे आणखी एक मोठा गुण होता.

ड्रमची स्वतःलाच मदत

एक पट्टी किंवा पेन्सिल टेबलावर तिरकी टेकवा आणि तिचे टोक पुढे राहील अशा रीतीने ढकला. टोक टेबलात रुतल्यासारखे होते, पेन्सिल अडखळते. आता तीच पेन्सिल मागे ओढा. ती सहज घसरत येते. पहिल्या प्रकारात घर्षण टोकाला टेबलावर आणखी दाबते, दुसऱ्या प्रकारात ते दाब कमी करते.

ड्रममधला शू एका टोकाशी खिळीवर बसवलेला असतो. चाकाच्या फिरण्याची दिशा योग्य असेल, तर घर्षणबल त्या शूला ड्रमवर आणखी आवळते. अशा शूला अग्रगामी शू म्हणतात. बलांच्या आघूर्णांचा साधा हिशेब करू. शू दाबणाऱ्या बलाला एक एकक मानू आणि ते खिळीपासून सर्वांत दूरच्या टोकावर लावू. ड्रमचा लंब दाब शूच्या मध्यावर येतो असे धरू. घर्षणाची भुजा लंब दाबाच्या भुजेच्या १.२ पट आणि घर्षणांक ०.४ घेऊ. मग लंब दाब ३.८५ एकके आणि घर्षणबल १.५४ एकके येते. दोन्ही शू अग्रगामी असतील तर एकूण घर्षण सुमारे ३.१ एकके. डिस्कच्या बाबतीत दोन बाजूंना प्रत्येकी ०.४, म्हणजे एकूण फक्त ०.८. चालकाच्या पायात जेवढी ताकद असेल तेवढ्यावरच गाडी थांबवायची, त्या काळात हा चौपट फरक निर्णायक होता.

पुढे ही ताकद चाकापर्यंत पोचवण्याचा चांगला मार्गही सापडला. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक विकसित केला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. तारा आणि दांड्यांची ओढाताण संपली. पास्कलच्या नियमानुसार दाब चारही चाकांपर्यंत सारखा पोचू लागला. पण चाकात होता तो ड्रमच.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. ती उष्णता कोठे साठते आणि किती लवकर बाहेर जाते, यावर ब्रेकचे भवितव्य ठरते.

१९४८ साली आलेली जॅग्वार एक्सके १२० ही मोटार उदाहरणादाखल घेऊ. १९४९ मध्ये बेल्जियममधील याबेके येथे या जातीच्या एका मोटारीने ताशी सुमारे २१३ कि.मी. वेग गाठला होता. तिला चारही चाकांवर १२ इंची, म्हणजे सुमारे ३०५ मि.मी. व्यासाचे ड्रम होते. मोटारीचे वस्तुमान सुमारे १३०० कि.ग्रॅ. धरू. ताशी ७२ कि.मी., म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा २,६०,००० ज्यूल. वेग दुप्पट केला की ती चौपट, म्हणजे १०,४०,००० ज्यूल. चारही ड्रमचे मिळून २५ कि.ग्रॅ. बीड आणि त्याची विशिष्ट उष्मा ५०० ज्यूल प्रति कि.ग्रॅ. अंश समजू. सगळी उष्णता ड्रममध्येच राहिली, तर पहिल्या वेळी तापमान सुमारे २१ अंशांनी वाढेल आणि दुसऱ्या वेळी ८३ अंशांनी.

एकदाच थांबायचे असेल तर यात चिंतेचे काही नाही. पण हीच मोटार ५०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली तर ६३ लाख ७० हजार ज्यूल एवढी स्थितिज ऊर्जा ब्रेकमध्ये येते. उष्णता बाहेर न गेल्यास ड्रम ५०० अंशांहून अधिक तापेल! प्रत्यक्षात वाऱ्याने तो काही प्रमाणात निवतो. पण घासणारा पृष्ठभाग ड्रमच्या आत झाकलेला, आणि एक्सके १२० मध्ये तर चाकेही पत्र्याची बंद तबकडीसारखी आणि मडगार्डांच्या आड. वारा आत शिरणार कोठून?

ड्रम तापला की तीन गोष्टी घडतात. पहिली, लायनरचा घर्षणांक उतरतो. दुसरी, ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. ३०५ मि.मी. व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे १ मि.मी. वाढतो. चालकाला पेडल अधिक खोल दाबावे लागते. डिस्क तापल्यावर तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या दिशेने सरकते. १२ मि.मी. जाडीच्या डिस्कमध्ये ही वाढ जेमतेम ०.०४ मि.मी. असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वरचेच गणित घर्षणांक ०.३ धरून पुन्हा करू. घर्षणांक एक चतुर्थांशाने उतरला आहे. डिस्कचे घर्षणही ०.८ वरून ०.६ वर, म्हणजे एक चतुर्थांशानेच उतरते. ड्रमच्या अग्रगामी शूचे मात्र १.५४ वरून ०.९४ वर येते. घट जवळजवळ ३९ टक्के! ज्या गुणामुळे थंड ड्रम चौपट जोर देतो, त्याच गुणामुळे तापलेला ड्रम भराभर दुबळा होतो. शिवाय डाव्या आणि उजव्या ड्रमच्या तापमानांत फरक असेल, तर गाडी एका बाजूला खेचली जाते.

ही गोष्ट आपल्याकडच्या चालकांनाही ठाऊक होती. मुंबईत कुर्ला येथे बनणाऱ्या फियाट ११०० आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनी या मोटारींना चारही चाकांवर ड्रमच असत. घाट उतरताना खालचा गिअर टाकून इंजिनाच्या रोधाने गाडी आवरायची, ही शिकवण म्हणजे ऊर्जेचा काही भाग ड्रमपर्यंत पोचूच न देण्याची युक्ती होय.

विमानाकडून शर्यतीकडे

डिस्क पुन्हा पुढे आली ती विमानांमुळे. उतरणाऱ्या विमानाची प्रचंड गतिज ऊर्जा थोड्या अंतरात शोषावी लागते. डनलॉप कंपनीने विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवले होते. जॅग्वारने त्या कंपनीबरोबर ते मोटारीवर आणण्याचे काम हाती घेतले आणि चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी त्यावर असंख्य फेऱ्या मारल्या. अडचणी नव्याच होत्या. उष्णता पॅडमधून ब्रेकच्या द्रवापर्यंत पोचून तो उकळे. द्रवात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल नुसतेच खाली जाते, कारण वायू दाबला जातो आणि द्रव दाबला जात नाही. स्वतःला मदत करण्याचा गुण डिस्कमध्ये नसल्याने पायाचा जोर पुरेना. म्हणून शर्यतीच्या गाडीत गिअरबॉक्सवर चालणारा पंप बसवून द्रवाचा दाब वाढवण्यात आला.

१९५२ साली फ्रान्समधील रॅम्स येथे स्टर्लिंग मॉस यांनी डिस्क ब्रेकच्या जॅग्वार सी-टाइपवर शर्यत जिंकली. जून १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत आली. तेथे त्या काळी सुमारे ६ कि.मी.च्या सरळ रस्त्यानंतर एकदम मंद वळण येई. प्रत्येक फेरीत मोटार पूर्ण वेगातून आवरायची, आणि हे चोवीस तास. ड्रम ब्रेकच्या मोटारींना आधीपासून आणि जपून ब्रेक लावावा लागे; जॅग्वारचे चालक तोच ब्रेक उशिरा आणि प्रत्येक फेरीत तितक्याच भरवशाने लावत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांची जॅग्वार पहिली आली. सरासरी वेग होता ताशी सुमारे १७० कि.मी. ल मान्समध्ये ताशी १०० मैलांची सरासरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. दुसरा आणि चौथा क्रमांकही जॅग्वारचाच होता.

यानंतर रस्त्यावरच्या मोटारींना डिस्क येण्यास वेळ लागला नाही. १९५५ च्या सित्रोएन डीएस मोटारीत पुढच्या चाकांना डिस्क आल्या. १९५७ मध्ये एक्सके १२० च्या वंशातील एक्सके १५० चारही चाकांना डिस्क घेऊन आली. १९०२ पासून पंचावन्न वर्षे झाली होती.

गॅरेजमध्ये तोच प्रवास

आता सुरुवातीच्या हौशी माणसाकडे वळू. त्याने जुन्या मोटारीला नुसत्या डिस्क लावल्या, तर तो १९०२ मध्येच उभा असतो. ड्रमची चौपट मदत गेली, म्हणून कॅलिपरमध्ये मोठ्या व्यासाचे पिस्टन हवेत. पिस्टन मोठे झाले की द्रव जास्त लागतो, म्हणून मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. पायाच्या मदतीला सर्वो लागतो. तो इंजिनाच्या शोषणनळीतील अंशतः निर्वात वापरून पडद्यावर वातावरणाचा दाब आणतो.

ड्रमच्या अनेक रचनांमध्ये नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. तिथे स्प्रिंग शूना मागे खेचते, त्यामुळे हा दाब बाधत नाही. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. झडप तशीच राहिली, तर पॅड डिस्कला धरून राहतात आणि ब्रेक न लावताच तापतात. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ठेवले तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाके हलकी होतात. ती आधी जाम झाली तर मोटार गरकन फिरते. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारी झडप हवी. हँडब्रेकचीही सोय पाहावी लागते. ड्रममध्ये ती सोपी असते, आणि हे एक कारण आहे की अनेक लहान मोटारींत मागे अजून ड्रमच दिसतात.

धुळीची किंमत

लँचेस्टर यांच्या तांब्याची अडचण कोणी सोडवली, हे सांगायचे राहिले. डर्बीशरच्या हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये ब्रेकच्या लायनरचा धंदा सुरू केला. उतारावर घोडागाडीवाले ब्रेकला जुने बूट बांधतात हे पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. १९०८ च्या सुमारास त्यांनी लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आणले. न जळणारे, चिवट, स्वस्त. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे ड्रमचे लायनर आणि डिस्कचे पॅड मुख्यतः त्याचेच होते.

त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली ३३ व्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांतील तंतूंचे वर्णन डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले. ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस मात्र चालूच राहिले. ब्रिटनने १९९९ मध्ये पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. अमेरिकेत मोटारींच्या सुट्या ब्रेकमध्ये त्याच्या वापरावर बंदीचा नियम मार्च २०२४ मध्ये झाला.

ड्रम हा झिजलेल्या लायनरची भुकटी साठवणारा डबाच असतो. तो उघडून हवेच्या झोताने साफ करण्याची रीत गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे होती. ती धूळ मेकॅनिकच्या आणि त्याच्या हाताखालच्या पोऱ्याच्या छातीत जाई. जुना ड्रम उघडणाऱ्याने झोत मुळीच मारू नये. धूळ ओली करून पुसावी आणि फडके बंद पिशवीत टाकावे. वेगाने थांबण्यासाठी केलेल्या कामात सर्वांत पहिला धोका हाच आहे.

वर्गात हा विषय घेताना मोटारीची गरज नाही. साधी सायकल पुरे. तिच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबराचे ठोकळे चिमटतात, म्हणजे तो डिस्क ब्रेकच आहे, फक्त डिस्क चाकाएवढी मोठी. चाक फिरवून ब्रेक दाबायला लावा. उलट दिशेने फिरवून पुन्हा दाबायला लावा. दोन्ही वेळा जोर सारखाच का लागतो आणि ड्रममध्ये तो सारखा का लागला नसता, याचे उत्तर विद्यार्थ्यांना पेन्सिलीच्या प्रयोगावरून स्वतः शोधता येईल.