संदेशतारा व विद्युत् कर्षण, ठाणे–कल्याण मार्गावरील
बदलत्या प्रवाहामुळे शेजारच्या संवाहकात विद्युत् दाब उत्पन्न होतो, त्यास प्रवर्तन म्हणतात. संदेशतारा कोठून न्याव्यात हे त्यावरूनच ठरते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस–कुर्ला विभागात १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर गाडी चालविली. पुढे ही पद्धती ठाणे, कल्याण व पुण्यापर्यंत पोहोचली. एकदिश प्रवाहाचे प्रवर्तन अल्प असते. मात्र रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह केबलींची धातूची आवरणे झिजवितो.

२५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पद्धती स्वीकारताना एक अडचण प्रवर्तनाची झाली. समांतर लांबीबरोबर दाब वाढतो, आणि मुंब्र्याजवळ खाडी व पारसिक डोंगर यांमध्ये तारा दूर नेण्यास जागाच थोडी. रूळमंडलांची बाब अधिक गंभीर होती. गाडीची चाहूल घेणारा प्रवाह कर्षणाच्या प्रवाहाहून निराळा नसेल, तर रूळ व्यापलेला असताही सिग्नल हिरवा दिसू शकतो. मुख्य मार्गाचे परिवर्तन २०१५ मध्ये पूर्ण झाले.

तारांवरील उपाय तसे जुनेच : भूसंपर्कित आवरण, आणि जोडीतील तारांना पीळ. पिळामुळे दोन्ही तारांत सारखाच दाब येतो व फरक उरत नाही. संगणकाच्या मुद्रित मंडलावर जालजोडणीच्या खोबणीजवळ दोन ताम्ररेषा लगत व समान लांबीच्या ठेवतात, त्या याच कारणाने. प्रकाशीय तंतूस प्रवर्तनाची बाधा नाही.