पलभा : वीतभर शंकूची सावली

महाविद्यालयात खगोलशास्त्र घेणाऱ्या मुलांना दुर्बिणीची ओढ असते, आणि ती योग्यच आहे. पण आपल्याकडे हे शास्त्र उभे राहिले ते बारा अंगुळांच्या, म्हणजे वीतभर शंकूवर. कर्जत-खालापूरच्या मुलांचा पहिला धडा आजही तिथूनच सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे. शंकूचे कूळ फार जुने. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात तो दिशा ठरवायला येतो: शंकूभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी आणि दुपारी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवते तिथे खुणा करायच्या, त्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. पुढे सिद्धान्तकारांनी याच शंकूकडून गावाचा अक्षांश काढून घेतला. विषुवदिनी भर मध्यान्ही पडणारी त्याची सावली ती त्या गावाची पलभा. विषुववृत्तावर ती शून्य असते आणि उत्तरेकडे वाढत जाते.

कर्जतचा अक्षांश सुमारे १८.९ अंश, पलभा येते ४ अंगुळे ६ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग). करणग्रंथांतल्या, म्हणजे पंचांगगणिताच्या सुटसुटीत ग्रंथांतल्या, नियमाने तिला १०, ८ आणि १०/३ यांनी गुणले की ४१, ३३ आणि १४ पळे मिळतात. बेरीज ८८, म्हणजे ३५ मिनिटे. सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य स्थानिक सहाच्या तेवढा आधी उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. दिवस तेरा तास दहा मिनिटांचा होतो. आजच्या त्रिकोणमितीनेही उत्तर जवळपास हेच येते. एका सावलीतून वर्षातला सर्वांत मोठा दिवस हाती यावा, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. कर्जतच्याच जिल्ह्यातल्या, मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ हा असाच करणग्रंथ रचला आणि ग्रहगणितातून ज्या (साइन) आणि चाप (कंस) यांचा खटाटोप काढून टाकला. महाराष्ट्रातली पंचांगे त्यावर शतकानुशतके चालली.

पंचांग म्हटले की कुणी फलज्योतिषाची शंका काढील. पलभेत भाकिताचा अंशही नाही, ती निव्वळ भूमिती आहे. उगवता सूर्य पाहून हेच का शिकवू नये, असेही विचारता येईल. पण इथे पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे आणि पश्चिमेला माथेरानचा डोंगर. खरे क्षितिज दिसतच नाही. मध्यान्हीच्या सावलीला क्षितिज लागत नाही. तिला हवी सपाट फळी आणि ओळंब्यात उभा शंकू. मात्र घड्याळाच्या बारावर विसंबू नये: २१ मार्चला कर्जतचा मध्यान्ह १२ वाजून ४४ मिनिटांच्या आसपास येतो, म्हणून साडेबारापासून दर दोन मिनिटांनी टोकाची खूण करून सर्वांत आखूड सावली घ्यावी.

अचूकतेचा आक्षेप मात्र खरा आहे. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीचे टोक दोनेक मिलिमीटर पुसट असते, आणि कर्जत-खालापूरच्या पलभांतला फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. काठी दहापट उंच केली तर पुसटपणाही दहापट वाढतो. टोकाला बारीक भोकाचा पत्रा बसवला, तर सावलीऐवजी सूर्याची प्रतिमा पडते आणि तिचा मध्य नेमका मोजता येतो. चीनमध्ये गुओ शौजिंगने तेराव्या शतकात चाळीस चिनी फुटांच्या शंकूवर हेच तत्त्व वापरले होते.