एक वर्ग, अनेक गळे

मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या तालमीत घडलेल्या पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा केल्यावाचून जी विद्या हाती लागत नसे, ती वेळापत्रक, क्रमिक पुस्तके व स्वरलिपी यांच्या आधारे सामान्य गृहस्थांच्या मुलांपर्यंत पोहोचू लागली. हे ऋण मोठेच आहे.

वर्गाबरोबर वर्गाची अडचणही आली. पेटीवर जो षड्ज धरावा तो साऱ्या वर्गाचा. त्या पट्टीत ज्याचा गळा बसला तो सुरेल, न बसला तो बेसूर! वास्तविक मुलींची पट्टी निराळी, मुलांची निराळी. त्यातून आवाज फुटण्याच्या वयात तर मुलाचा गळा महिन्या-महिन्याला बदलतो. प्रार्थनेच्या वेळी 'तू नुसते ओठ हलव' अशी आज्ञा मिळालेली मंडळी प्रत्येक शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत निघतील.

पलुसकरांचेच शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी गळ्याचा हा प्रश्न अभ्यासाचा विषय केला. 1925 मध्ये त्यांनी मुंबईत 'स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक' काढले. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतल्याने श्वास, स्वरयंत्र व आवाजाची जोपासना यांकडे ते शास्त्रीय दृष्टीने पाहत. घराण्यांच्या भिंतीही त्यांनी मानल्या नाहीत. जेथे चांगली चीज आढळली तेथून ती मिळविली.

या दृष्टीची कसोटी एका मुलाच्या रूपाने आली. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविणाऱ्या कुमार गंधर्वांनी 1935 च्या अलाहाबाद परिषदेत, वयाच्या अकराव्या वर्षी, श्रोत्यांना थक्क केले होते. अशा मुलास आणखी एक नक्कल शिकविणे सर्वांत सोपे. त्याचे कौतुकही झाले असते. देवधरांनी आपली गायकी त्याच्या गळ्यात कोंबली नाही. नाना घराण्यांचे गाणे त्यास ऐकविले, समजावून दिले, आणि निवड त्याच्यावर सोपविली.

पुढे क्षयाने ग्रासलेले कुमार 1948 मध्ये माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. आजाराने गाणे थांबले, ऐकणे थांबले नाही. तेथील लोकगीते त्यांनी कान देऊन ऐकली, टिपून ठेवली, आणि त्या धुनांतूनच पुढे नवे राग उभे केले.